दोन गुणांमधला वेळ : बॅडमिंटनमधील वाद आणि खिलाडूवृत्ती

बॅडमिंटनच्या सामन्यात शटल प्रत्यक्ष हवेत असते तो वेळ सामन्याच्या एकूण वेळेच्या निम्म्याहूनही कमी भरतो, आणि उरलेला वेळ शटल उचलणे, घाम पुसणे, बुटाची नाडी बांधणे, सर्व्हिससाठी जागेवर येऊन उभे राहणे आणि अधूनमधून पंचांशी बोलणे यांत जातो. रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून शटल खाली पडेपर्यंत चालणारी फटक्यांची देवाणघेवाण, सुरू असते तोवर नियम काटेकोर असतात : शटल रेषेच्या आत पडले की बाहेर, रॅकेट जाळीला लागली की नाही, सर्व्हिसच्या क्षणी शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली होते की नाही, या प्रश्नांची उत्तरे होय किंवा नाही अशीच देता येतात. दोन रॅलींमधल्या वेळेला मात्र असे माप लावता येत नाही. सर्व्हिस करणारा मुद्दाम रेंगाळतो आहे की खरोखरच दमला आहे, गुण मिळाल्यावरची आरोळी आनंदाची आहे की समोरच्याला डिवचण्यासाठी आहे, हे ठरवताना पंचाला खेळाडूचा हेतू ओळखावा लागतो. आणि नामांकित प्रतिस्पर्ध्यांमधले बरेचसे वाद नेमके याच जागी उभे राहतात.

याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. फुटबॉल किंवा कबड्डीत अंगाला अंग भिडते, त्यामुळे धसमुसळेपणाचे नियमही तिथे तपशीलवार आहेत. बॅडमिंटनमध्ये मधोमध जाळी असल्याने प्रतिस्पर्ध्याला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मग त्याची लय बिघडवायची झाली तर वेळ, आवाज आणि शटल एवढीच साधने हाती उरतात. 1870च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये हा खेळ रुजला, त्याचे सुरुवातीचे नियम 1873च्या सुमारास तिथेच मांडले गेले आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जात होता. त्या मंडळींसाठी तो फावल्या वेळेचा विरंगुळा होता, त्यामुळे समोरच्याच्या सभ्यपणावर विसंबून राहण्यात त्यांना काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये क्वालालंपूर येथील सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळवला, तेव्हाही हा खेळ हौशी खेळाडूंचाच होता. आज एका गुणावर मानांकन, बक्षिसाची रक्कम आणि ऑलिम्पिकची पात्रता अवलंबून असते, तरीही नियमांमधला सभ्यपणावर विसंबणारा भाग बराचसा तसाच राहिला आहे.

आंतरराष्ट्रीय सामन्यात उंच खुर्चीवर बसलेला मुख्य पंच, त्याच्या समोरच्या बाजूला सर्व्हिस पाहणारा पंच, रेषांवर लक्ष ठेवणारे रेषापंच आणि या सर्वांच्या वर संपूर्ण स्पर्धेची जबाबदारी सांभाळणारा रेफरी अशी रचना असते. खेळाडूने मुद्दाम वेळ काढणे, शटलचा वेग बदलावा म्हणून त्याची पिसे मोडणे किंवा वाकवणे आणि अपमानकारक वागणे या गोष्टींना नियमांनी स्पष्ट मनाई आहे. अशा वर्तनाबद्दल पंच प्रथम पिवळे कार्ड दाखवतो, म्हणजे ताकीद देतो. ताकीद मिळूनही खेळाडू सुधारला नाही तर लाल कार्ड दाखवून प्रतिस्पर्ध्याला गुण देतो. आणि प्रकार फारच गंभीर असेल तर रेफरीला पाचारण केले जाते, ज्याला काळे कार्ड दाखवून खेळाडूला स्पर्धेतूनच बाद करता येते. लाल कार्डाची धार 2006 नंतर वाढली. त्याआधी सर्व्हिस ज्याच्याकडे असेल त्यालाच गुण मिळत असे, त्यामुळे सर्व्हिस करणाऱ्याची चूक झाली तरी केवळ सर्व्हिस हातची जात होती. 21 गुणांची पद्धत आल्यापासून प्रत्येक रॅलीचा शेवट गुणात होतो आणि पंचाने दिलेल्या प्रत्येक दंडाची नोंद थेट गुणफलकावर उमटते.

वेळ काढण्याचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी सर्वांत अवघड तोच आहे. नियम असा की सर्व्हिस करणारा आणि ती घेणारा असे दोघेही तयार झाले की त्यानंतर कोणीही विनाकारण उशीर करू नये, आणि सर्व्हिस घेणारा तयार नसताना सर्व्हिस करू नये. येथे तयार असणे ही गोष्ट दोघांच्या संमतीतून सिद्ध होते : एकाने मान खाली घालून एक पाऊल मागे घेतले की दुसऱ्याला थांबावे लागते, आणि हे वारंवार घडू लागले की कोण कोणाला थांबवत आहे हे खुर्चीवरून ओळखणे कठीण होते. मनिला येथे 30 एप्रिल 2022 रोजी झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पी. व्ही. सिंधूने जपानच्या अकाने यामागुचीविरुद्ध पहिला गेम 21-13 असा जिंकला होता आणि दुसऱ्या गेममध्ये ती 14-11 अशी पुढे होती, त्या वेळी पंचांनी सर्व्हिसला उशीर केल्याचा ठपका ठेवून यामागुचीला एक गुण दिला. प्रतिस्पर्धी तयारच नव्हती, मग सर्व्हिस कशी करणार, असे सिंधूचे म्हणणे होते. तिने रेफरीकडे दाद मागितली, पण निर्णय बदलला नाही. तिची लय तुटली आणि 19-21, 16-21 असे पुढचे दोन्ही गेम गमावून ती तो सामना हरली. जुलैमध्ये आशियाई महासंघाच्या तांत्रिक समितीने पत्र पाठवून त्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण निकाल आता दुरुस्त करता येणार नाही हेही त्या पत्रातच स्पष्ट होते. या सगळ्यात यामागुचीने कोणताही नियम मोडला नव्हता. तिने स्वतःहून तो गुण नाकारावा अशी तरतूद नियमांत नाही, आणि नाकारण्याची इच्छा असती तरी पंचाने जाहीर केलेला गुण परत करण्याचा अधिकृत मार्ग तिच्यापुढे नव्हता. वादाचे खापर प्रतिस्पर्ध्यावर फोडण्यापूर्वी ही बाजू लक्षात घ्यायला हवी, आणि भारतीय चाहत्यांकडून ती त्या वेळी पुरेशी घेतली गेली नाही.

शटल बदलण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. सोळा पिसांचे आणि जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे शटल दोन-चार जोरदार स्मॅशनंतर खराब होते, त्यामुळे ते बदलून मागण्यात गैर काही नाही. पण सलग गुण गमावणारा खेळाडू श्वास घ्यायला उसंत मिळावी म्हणूनही ते बदलून मागतो. म्हणूनच शटल हातात घेऊन प्रथम प्रतिस्पर्ध्याला दाखवायचे, त्याने मान डोलावली की पंचांकडे वळायचे, असा रिवाज पडला आहे. जाळीला लागून शटल पलीकडे टुपकन पडले आणि नशिबाने गुण मिळाला तर हात वर करून दिलगिरी दर्शवणे, दुहेरीत स्मॅश समोरच्याच्या अंगावर बसला तर तसेच करणे, पडलेले शटल लांब न भिरकावता जाळीखालून किंवा जाळीवरून नीट पोहोचवणे, हे सर्व संकेत नियमपुस्तकात नाहीत, पण एखाद्याने ते पाळायचे सोडले की सामन्याचे वातावरण लगेच बिघडू लागते.

आवाजाचा प्रश्न कॅरोलिना मारिन या स्पॅनिश खेळाडूमुळे विशेष गाजला. रॅली सुरू असताना ओरडून किंवा हातवारे करून प्रतिस्पर्ध्याचे लक्ष मुद्दाम विचलित करणे हा नियमाप्रमाणे फॉल्ट आहे, म्हणजे त्या कृतीमुळे गुण जातो. पण गुण मिळाल्यानंतर दिलेली आरोळी या नियमात बसत नाही आणि ती कितपत चालवून घ्यायची हे पंचाच्या मर्जीवर राहते. मारिन जवळजवळ प्रत्येक गुणानंतर मोठ्याने ओरडत असे, कोर्टभर फेरी मारत असे आणि मगच सर्व्हिस करायला येत असे. तिच्या दृष्टीने तो स्वतःला चेतवण्याचा मार्ग होता, आणि समोरचीला मात्र तो आपल्यावर टाकलेला दबाव वाटत असे. सिंधूच्या बाबतीत प्रशिक्षक पुलेला गोपीचंद यांनी या दबावाचा विचार फार आधी केला होता. मुळात शांत स्वभावाच्या सिंधूला त्यांनी अकादमीत सर्वांसमोर कोर्टच्या मधोमध उभे राहून ओरडायला लावले आणि ओरडल्याशिवाय रॅकेट हाती घेऊ दिली नाही, हा प्रसंग दोघांनीही पुढे जाहीरपणे सांगितला आहे. आरोळी ही प्रशिक्षणाने आत्मसात करण्याची गोष्ट ठरली, यावरून ती केवळ उत्स्फूर्त भावना उरलेली नाही, हे मान्य करावे लागते.

ऑक्टोबर 2023 मध्ये डेन्मार्कमधील ओडेन्स येथे डेन्मार्क ओपनच्या उपांत्य सामन्यात या दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या आरोळ्या आणि सर्व्हिसला होणारा उशीर यांवरून पंचांना दोघींना पुन्हा पुन्हा समज द्यावी लागली, शब्दाला शब्द वाढला आणि अखेर दोघींनाही पिवळे कार्ड मिळाले. मारिनने तो सामना 21-18, 19-21, 21-7 असा जिंकला. त्याआधी सात वर्षे, 19 ऑगस्ट 2016 रोजी, रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात याच मारिनने सिंधूला 19-21, 21-12, 21-15 असे हरवले होते, आणि विजयानंतर मारिन कोर्टवर कोसळून रडत असताना सिंधूने जाऊन तिला मिठी मारली होती आणि तिची जमिनीवर पडलेली रॅकेट उचलून जागेवर ठेवली होती. या दोन प्रसंगांपैकी एक खरा आणि दुसरा अपवाद असे मानण्याचे कारण नाही. त्याच दोघी, तोच खेळ. फरक एवढाच की एका प्रसंगी निकाल लागून गेला होता आणि दुसऱ्या प्रसंगी तो लागायचा होता. कोर्टवर कडाक्याचे भांडण झाले म्हणून दोन खेळाडूंमध्ये आदर नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते, आणि ओडेन्सचा वादही त्या दोघींनी फार ताणला नाही.

आरोळीत शब्द असले तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण पंचाला ती भाषा येत असेलच असे नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुलै 2021 मध्ये चीनची छेन छिंगछेन दक्षिण कोरियाच्या जोडीविरुद्ध खेळताना जे वारंवार ओरडत होती ती चिनी भाषेतील शिवी असल्याचे ती भाषा जाणणाऱ्या प्रेक्षकांनी प्रथम ओळखले, दक्षिण कोरियाच्या संघटनेने जागतिक महासंघाकडे तक्रार केली, आणि छेनने उच्चार नीट न झाल्यामुळे गैरसमज झाल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली. सामना चालू असताना मात्र त्या शब्दाबद्दल कारवाई झाली नव्हती.

रेषेवरचे वाद त्या मानाने आटोक्यात आले आहेत. जानेवारी 2008 मध्ये सोल येथे कोरिया ओपनच्या अंतिम सामन्यात चीनचा लिन दान पहिला गेम 21-4 असा एकतर्फी जिंकूनही दक्षिण कोरियाच्या ली ह्युन-इल याच्याकडून पुढचे दोन गेम 21-23, 23-25 असे हरला. त्या सामन्यात रेषेवरच्या एका निर्णयावरून भडकलेला लिन दान कोरियाच्या संघाबरोबर असलेले चिनी प्रशिक्षक ली माओ यांच्या अंगावर धावून गेला आणि इतरांना मध्ये पडावे लागले. 2014 पासून मोठ्या स्पर्धांमध्ये कॅमेऱ्यांच्या साहाय्याने शटल कुठे पडले ते तपासण्याची सोय आली; खेळाडूला दोन आव्हाने मिळतात, आव्हान खरे ठरले तर ते शिल्लक राहते आणि चुकले तर वजा होते. ही सोय अनेक स्पर्धांत निवडक कोर्टांवरच असते, ही उणीव आहे. पण जिथे ती आहे तिथे खेळाडू बोट वर करतो, पडद्याकडे पाहतो आणि पुढच्या सर्व्हिसला लागतो. तोच लिन दान 2016 मध्ये रिओच्या उपांत्य सामन्यात मलेशियाच्या ली चोंग वेईकडून 15-21, 21-11, 22-20 असा हरला तेव्हा दोघांनी शर्टांची अदलाबदल केली. चाळीस सामन्यांच्या त्या प्रदीर्घ स्पर्धेत लिनचे 28 आणि लीचे 12 विजय झाले, आणि दोघांनी एकमेकांबद्दल जाहीरपणे दाखवलेला आदर हा या खेळाचा मोठा ठेवा आहे.

प्रत्यक्ष हाणामारीची वेळ बॅडमिंटनमध्ये क्वचितच आली, आणि जुलै 2013 मध्ये कॅनडा ओपनच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात ती आली तेव्हा भिडणारे दोघे वर्षभरापूर्वी लंडन ऑलिम्पिकमध्ये एकत्र खेळलेले जोडीदार होते. थायलंडचे बोदिन इसारा आणि मनीपोंग जोंगजित यांची जोडी फुटली होती. बाजू बदलताना शब्दाला शब्द लागला आणि इसाराने मनीपोंगचा पाठलाग करून त्याला मारले. काळे कार्ड दाखवले गेले, सामना तिथेच संपला आणि चौकशीअंती जागतिक महासंघाने इसारावर दोन वर्षांची, तर मनीपोंगवर चिथावणीबद्दल तीन महिन्यांची बंदी घातली. मारणाऱ्याबरोबर चिथावणाऱ्यालाही शिक्षा झाली, हा त्या निर्णयाचा महत्त्वाचा भाग होता, कारण तोंडाने केलेली आगळीक पुरावा नसल्यामुळे बहुधा सुटून जाते.

या सर्वांहून गंभीर प्रकरण मात्र असे आहे, ज्यात प्रतिस्पर्धी एकमेकांशी भांडले नाहीत. लंडन ऑलिम्पिकमध्ये दुहेरीसाठी प्रथमच गट साखळी ठेवण्यात आली होती, म्हणजे चार जोड्यांच्या प्रत्येक गटातून दोन जोड्या पुढे जाणार आणि पुढची लढत कोणाशी, हे गटातील क्रमांकावरून आधीच ठरलेले होते. 31 जुलै 2012 रोजी चीनची दुसरी बलाढ्य जोडी तियान छिंग आणि चाओ युनलेई डेन्मार्ककडून अनपेक्षितपणे हरून आपल्या गटात दुसरी आली, आणि अग्रमानांकित वांग श्याओली व यू यांग आपल्या गटात पहिल्या आल्या असत्या तर दोन्ही चिनी जोड्यांची गाठ अंतिम फेरीआधीच पडली असती. त्या संध्याकाळी वेम्बली अरीनामध्ये वांग आणि यू यांनी दक्षिण कोरियाच्या जुंग क्युंग-उन आणि किम हा-ना यांच्याविरुद्ध सर्व्हिस जाळीत मारायला आणि शटल उघडउघड बाहेर घालवायला सुरुवात केली; हेतू लक्षात येताच कोरियन जोडीही तेच करू लागली. सर्वांत लांब रॅली चार फटक्यांची झाली, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि चिनी जोडी 14-21, 11-21 अशी हरली. पुढच्या सामन्यात दक्षिण कोरियाची हा जुंग-उन व किम मिन-जुंग ही जोडी आणि इंडोनेशियाची ग्रेशिया पोली व मेलियाना जौहारी ही जोडी यांच्यासमोर प्रश्न असा होता की, जिंकणाऱ्या जोडीची गाठ आता दुसऱ्या आलेल्या वांग-यू जोडीशी पडणार होती. त्यामुळे तोच प्रकार पुन्हा घडला. रेफरी कोर्टवर आले, त्यांनी काळे कार्ड काढले आणि प्रशिक्षकांच्या विनवणीनंतर ते मागेही घेतले. दुसऱ्या दिवशी आठही खेळाडूंना स्पर्धेतून बाद करण्यात आले. जिंकण्यासाठी शिकस्त न करणे आणि खेळाला कमीपणा आणणारे वर्तन करणे, असे दोन आरोप त्यांच्यावर ठेवले गेले होते.

शिक्षा योग्य होती, पण ती अपुऱ्या ठिकाणी पडली. शिकस्त न करण्याची गरज त्या आठ जणींनी निर्माण केली नव्हती. ती स्पर्धेच्या मांडणीने निर्माण केली होती, आणि पदकांचा हिशेब मांडणारे प्रशिक्षक आणि संघटना त्यांच्या मागे उभ्या होत्या. फुटबॉलला हा धडा तीस वर्षे आधी मिळाला होता : 1982च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांच्याही सोयीचा 1-0 हा निकाल लागल्यावर खेळणेच सोडून दिले, तेव्हा कोणालाही शिक्षा न करता गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत आली. बॅडमिंटननेही अखेर तोच मार्ग धरला. रिओपासून दुहेरीच्या गटात दुसऱ्या येणाऱ्या जोड्यांसाठी साखळी संपल्यावर नव्याने सोडत काढली जाते, त्यामुळे मुद्दाम हरून सोपा प्रतिस्पर्धी निवडण्यात काही अर्थ उरत नाही. बाद झालेल्यांपैकी पोली खेळत राहिली आणि 2021 मध्ये टोकियोत अप्रियानी रहायूच्या साथीने सुवर्णपदक जिंकली.

याच स्पर्धेतली भारताची तक्रार मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांच्या गटात तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाले होते आणि भारतीय जोडी गुणांच्या फरकात केवळ एका गुणाने मागे पडली. जपानची जोडी चायनीज तैपेईकडून 19-21, 11-21 अशी हरली त्या सामन्याची चौकशी करावी, अशी मागणी भारताने केली, ती फेटाळली गेली, आणि तीच जपानी जोडी पुढे रौप्यपदकापर्यंत पोहोचली. जपानी खेळाडूंनी कसूर केली असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. अडचण वेगळीच आहे : वेम्बलीत पकडल्या गेलेल्या जोड्या त्यांच्या खेळातल्या उघड बेफिकिरीमुळे पकडल्या गेल्या, आणि एखाद्याने चार-दोन गुण सफाईने सोडले तर ते ओळखण्याचे कोणतेही साधन पंचांकडे नाही. नव्या सोडतीचे मोल इथे आहे, कारण ती कोणाचा हेतू तपासत बसत नाही. हरण्याचे कारणच काढून घेते.

एकाच देशाचे दोन खेळाडू समोरासमोर आले तर मात्र ही सोडतही उपयोगी पडत नाही. अथेन्समधील 2004च्या ऑलिम्पिकमध्ये महिला एकेरीच्या उपांत्य सामन्यात चांग निंगविरुद्ध फार जोर लावू नको, असे चौ मी हिला सांगण्यात आल्याचे चीनचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी 2008 मध्ये दूरचित्रवाणीवर स्वतःच सांगितले. चांग निंगला सुवर्ण आणि चौ मीला कांस्यपदक मिळाले होते, आणि ती पदके आजही तशीच नोंदलेली आहेत. रिओपासून एका देशाला एकेरीत दोनपेक्षा अधिक खेळाडू उतरवता येत नाहीत, त्यामुळे असे सामने कमी झाले. ते जिथे होतात तिथे प्रशिक्षकाचे ऐकायचे की समोरच्याशी जिद्दीने खेळायचे हे अजूनही खेळाडूलाच ठरवावे लागते, आणि चौ मीसारखी एखादी दुसरा पर्याय निवडू पाहील तर तिला संरक्षण देणारा कोणताही नियम बॅडमिंटनच्या पुस्तकात नाही.